चर आपला, पाझर कुणाचा

एक हेक्टर रानावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर किती पाणी पडलं? एवढ्या पावसानं अंगणातली धूळही धड दबत नाही. पण हिशेब मांडला की उत्तर येतं दहा हजार लिटर, म्हणजे भरलेला एक टँकर. पहिल्यांदा हा आकडा कागदावर आला तेव्हा मी तो दोनदा तपासला. शंभर मीटर गुणिले शंभर मीटर म्हणजे दहा हजार चौरस मीटर, आणि एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. चूक कुठंच नव्हती. तेव्हापासून भुरभुर पावसाकडेही मी वेगळ्या नजरेनं बघतो.

आता हाच हिशेब सोलापूर जिल्ह्यातल्या अक्कलकोटला नेऊ. या भागात वर्षाकाठी साधारण ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, कधी त्याहून कमी, कधी जास्त. म्हणजे हेक्टरी ६०० टँकर. हजार हेक्टर शिवाराचं गाव धरलं तर आभाळ त्या गावावर वर्षाला सहा लाख टँकर ओतून जातं. आणि दुष्काळी साल असलं की त्याच गावात चैत्रात घागरी रांगेला लागतात, सरकारी टँकर कधी येतो म्हणून बाया रस्त्याकडे डोळे लावून बसतात.

सहा लाख टँकर गेले कुठं? काही उन्हानं उडालं, काही पिकांनी प्यायलं, आणि बरंचसं पळालं. माळावरून ओघळीत, ओघळीतून ओढ्यात, ओढ्यातून बोरी किंवा हरणा नदीत, तिथून भीमेत. भीमा ते कृष्णेला देते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. अक्कलकोटच्या माळावर पडलेला थेंब अख्खा दख्खन ओलांडून समुद्राला मिळतो, पण ज्या गावावर पडला त्याच्या विहिरीत काही उतरत नाही.

या पाण्याला अडवायची धडपड इथं नवी नाही. अक्कलकोटच्या वरच्या अंगाला, नळदुर्गच्या किल्ल्यात, हीच बोरी नदी आदिलशाही काळात अडवलेली आहे. बंधाऱ्याच्या भिंतीच्या पोटात महाल, तोच पाणीमहाल, आणि पावसाळ्यात नदी भरली की भिंतीवरून कोसळणारे नर आणि मादी हे दोन धबधबे. १६१३ सालचं हे काम आजही उभं आहे. खाली अक्कलकोट तालुक्यात त्याच बोरीवर कुरनूरचं धरण आहे. नदी अडवायची तर असं काही लागतं: राजाचा खजिना, नाहीतर सरकारी पाटबंधारे खातं.

पण पाणी नदी होण्याआधी कुठं असतं? माळाच्या माथ्यावर, बोटभर जाडीच्या ओघळीत. तिथं त्याला अडवायला भिंत लागत नाही, सहावीतल्या पोराच्या हातातलं खोरं पुरतं. सगळ्या श्रमदानाचं गुपित मला इथं दिसतं. माणसाच्या हाताची ताकद आणि पाण्याची ताकद बरोबरीची असते ती फक्त माथ्यावर. एकेक पावलानं खाली याल तसं पाणी बळावतं आणि हात तोकडे पडतात. म्हणून पाणलोटाचं काम करणारे 'माथा ते पायथा' हा क्रम मोडू देत नाहीत. आधी खालचा बंधारा बांधला आणि वरचा माळ उघडा ठेवला, तर पहिल्याच मोठ्या पावसात बंधारा गाळानं भरतो.

या मातीचाही एक विलक्षण स्वभाव आहे. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, इतकी की भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत जातो. पहिला वळवाचा पाऊस या भेगांतून थेट खाली उतरतो. पण भिजली की ही चिकणमाती फुगते, भेगा मिटतात आणि जमीन जणू तोंड बंद करून घेते. त्यानंतरचा जोराचा पाऊस वरच्यावर वाहून जातो. मुरमाड माळाचं उलट. मुरूम पाणी पितो, पण उतारावर पाण्याला थांबायला फुरसत नसते. त्याला थोडा वेळ थांबवलं की झालं. चर म्हणजे पाण्याला दिलेला वेळ.

आणि खाली आहे खडक. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले आणि थंड झाले, त्या काळ्या बेसाल्टवर आपला बहुतेक महाराष्ट्र बसला आहे. हा खडक वाळूसारखा सच्छिद्र नाही. पाणी मावतं ते त्याच्या फटींत, सांध्यांत, वरच्या झिजलेल्या मुरमात आणि दोन थरांमधल्या सांदीत. विहीर खोदणारे मधला गेरूचा लाल पट्टाही बरोबर ओळखतात. असा खडक हजार लिटर आकाराचा घेतला, तर त्यातून विहिरीला मिळणारं पाणी साधारण दहा ते तीस लिटर. इतका हा खडक कंजूष.

मला वाटायचं, हे आपलं दुर्दैवच. मग लक्षात आलं की या कंजूषपणात एक देणगी लपली आहे. भांडं लहान असलं की थोड्या पाण्यानंही त्यातली पातळी भराभर चढते. गंगेच्या खोऱ्यातल्या वाळूत जेवढं पाणी मुरवलं तर विहिरीला पत्ताही लागणार नाही, तेवढ्यानं इथली विहीर हातभर, कधी पुरुषभर वर येते. एकाच पावसाळ्यात केलेलं काम डोळ्यांना दिसतं. लोकांचा उत्साह टिकतो तो भाषणांनी नाही, या खडकाच्या गुणानं. (उपसतानाही हाच गुण आडवा येतो. तिकडे येऊच.)

आता चर खोदायचा कसा ते बघा. चर उतारावर आडवा हवा आणि टोकापासून टोकापर्यंत एका पातळीत हवा. थोडा जरी कलला तरी सगळं पाणी एका टोकाला गोळा होऊन तिथून फुटतं. डोळ्याला सपाट दिसणारी जमीन सपाट नसते, डोळा हमखास फसवतो. मग ही समपातळी शोधायची कशानं? पाण्यानंच. पारदर्शक नळी घ्यायची, तिच्यात पाणी भरायचं, दोन टोकं दोन मोजपट्ट्यांना बांधायची. एक पट्टी इथं धरायची, दुसरी घेऊन गडी माळावर पुढं जातो. नळीतलं पाणी दोन्हीकडे डोलतं आणि मग स्थिरावतं. दोन्ही पट्ट्यांवर एकच आकडा आला की दोन्ही जागा एका पातळीत. तिथं फक्की टाकायची आणि पुढं सरकायचं. याच तत्त्वावर चालणाऱ्या साधनाला आता गावोगावी हायड्रोमार्कर म्हणतात. शाळेत न गेलेली बाईसुद्धा अर्ध्या तासात ते वापरायला शिकते. ज्या पाण्याला अडवायचं, तेच आधी आपल्याला कुठं अडवायचं ते दाखवून जातं. ही गोष्ट मला अजूनही चमत्कारासारखी वाटते.

फक्कीच्या रेघेवर कुदळ पडते. समजा, एक माणूस एका सकाळी उन्हं चढायच्या आत एक घनमीटर खोदतो. मुरूम कठीण असेल तर कमी, माती मऊ असेल तर जास्त. एक घनमीटर खड्ड्यात हजार लिटर पाणी मावतं. अक्कलकोट तालुक्यातलं दोन हजार वस्तीचं एखादं गाव मनात धरा. त्यातले दोनशे जण रोज सकाळी माळावर आले आणि हे पंचेचाळीस दिवस चाललं, तर नऊ हजार घनमीटरचे चर झाले. एकदा भरले की नव्वद लाख लिटर. पावसाळ्यात चर भरतील असे पाच पाऊस झाले तर साडेचार कोटी लिटर.

आता दुसरी बाजू मांडा. ग्रामीण भागात माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी मिळावं, असं सरकारी पाणी योजनांचं माप आहे. दोन हजार माणसांना वर्षभर हे पाणी द्यायचं तर चार कोटी लिटर लागतात. म्हणजे गावातल्या दर दहा माणसांतल्या एकानं दीड महिना सकाळी घाम गाळला, तर गावाच्या वर्षभराच्या घरगुती पाण्याइतकं पाणी माळावर थांबतं. त्यातलं सगळं मुरत नाही. काही वाफेनं जातं, काही वरच्या मातीतच राहतं. अर्धंच खाली उतरलं असं धरलं, तरी शंभर हेक्टरांखालची पाण्याची पातळी मीटरभरानं वर सरकते. तो कंजूष खडक इथं कामाला येतो.

हे कागदावरचं गणित झालं. ते महाराष्ट्राच्या माळांवर हजारो गावांनी करून पाहिलं आहे. पानी फाउंडेशन या संस्थेची 'सत्यमेव जयते वॉटर कप' स्पर्धा २०१६ मध्ये वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत सुरू झाली. त्या वर्षी ११६ गावं उतरली होती, पहिलं आलं कोरेगाव तालुक्यातलं वेळू. दोनच वर्षांत स्पर्धा ७५ तालुक्यांत पोचली. गावातून निवडलेल्या माणसांना, त्यात बायाही आल्याच, प्रशिक्षणाला न्यायचं. तिथं त्यांनी पाणलोट शिकायचा आणि परत येऊन गाव उठवायचं. मग ८ एप्रिल ते २२ मे, ऐन उन्हाळ्यात, पंचेचाळीस दिवस काम. १ मेला शहरांतली माणसं गाड्या भरून गावात यायची आणि मातीच्या पाट्या पुढं सरकवायची. आणि २०१९ मध्ये राज्यात पहिला क्रमांक आला तो आपल्याच सोलापूर जिल्ह्याच्या उत्तर अंगाला असलेल्या, बार्शी तालुक्यातल्या सुर्डीचा. ज्या जिल्ह्याचं नाव घेतलं की लोक आधी दुष्काळ म्हणतात, त्या जिल्ह्यातलं गाव.

माझं कुतूहल मात्र बक्षिसापाशी थांबत नाही. मला राहून राहून एक प्रश्न पडतो: माथ्यावर चर खोदणाऱ्याला त्यातून मिळतं काय?

माथ्यावरच्या चरात मुरलेलं पाणी तिथंच राहत नाही. ते खडकाच्या फटींतून हळूहळू उताराकडे सरकतं आणि काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी खालच्या कुणाच्या तरी विहिरीत पाझरतं. कुणाच्या, हे सांगता येत नाही. खोदला मी आणि झरा फुटला ज्याच्याशी माझी बांधावरून कोर्टकचेरी चालू आहे त्याच्या विहिरीत, असं सहज होऊ शकतं. आणि खोदणाऱ्यांत कितीतरी असे असतात ज्यांच्याकडे विहीर काय, गुंठाभर जमीनही नाही. तरी ते येतात.

१९६८ मध्ये गॅरेट हार्डिन या अमेरिकी शास्त्रज्ञानं एक निबंध लिहिला आणि तो जगभर गाजला. सामाईक कुरण असलं की जो तो आपली गुरं वाढवणार आणि शेवटी कुरण उजाड होणार, असं त्याचं म्हणणं. ऐकायला बिनतोड वाटतं. पण एलिनॉर ऑस्ट्रॉम नावाची बाई पुस्तकात न बघता लोकांत जाऊन बघायला लागली. तिचा पहिला मोठा अभ्यास भूजलाचाच होता. लॉस एंजेलिसजवळ पाण्याचा उपसा इतका वाढला होता की समुद्राचं खारं पाणी जमिनीखालून आत शिरत होतं. तिथले पाणी उपसणारेच एकत्र बसले, कोण किती उपसणार हे ठरवलं, आणि ते पाळलं गेलं. पुढं नेपाळ, स्पेन, स्वित्झर्लंड, फिलिपाइन्स अशा कितीतरी ठिकाणच्या लोकांच्या कहाण्या तिनं तपासल्या. नियम लोकांनी स्वतः केले असतील, राखणही तेच करत असतील आणि मोडणाऱ्याला आधी सौम्य, मग कडक दंड असेल, तर सामाईक गोष्ट पिढ्यान्पिढ्या टिकते, हे तिनं दाखवून दिलं. २००९ मध्ये तिला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. हा मान मिळालेली ती पहिली स्त्री.

आपल्या गावांनी ऑस्ट्रॉमचं नाव ऐकलेलं नसेल, पण रीत त्यांना ठाऊक होती. एखाद्याचं रान नांगरायचं मागं पडलं की गाव इर्जिक घालायचं. दहा-पंधरा जणांचे नांगर आणि बैल एकाच दिवशी त्या रानात, सांजेपर्यंत सगळी नांगरट उरकलेली, आणि रानमालकानं सगळ्यांना पोटभर जेवण द्यायचं. पैरा म्हणजे आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या. कुठं याला सावड म्हणतात. अक्कलकोट तालुक्यात तर घरात कानडी आणि बाजारात मराठी बोलणारी गावं पुष्कळ, त्या कानडीत याच देवाणघेवाणीला मुय्यी म्हणतात. फिनलंडमध्ये तालकोत, अँडीजच्या डोंगरांत मिंगा, इंडोनेशियात गोतोंग रोयोंग. जगात जिथं जिथं माणूस मातीत राबला, तिथं त्याला हा शब्द लागला.

पण इर्जिक आणि पैरा यांत परतफेड असते. माथ्यावरच्या चरात तीही नाही. मग याचं नातं कशाशी? मला ते अक्कलकोटात सापडलं. स्वामी समर्थ १८५६ च्या सुमारास इथं आले आणि १८७८ मध्ये समाधिस्थ होईपर्यंत इथंच राहिले. त्यांच्या दर्शनाला येणाऱ्यांसाठी १९८८ पासून इथं अन्नछत्र चालतं. तिथं पंगतीत वाढणाऱ्या सेवेकऱ्याला विचारा, आपण वाढलेला भात कुणाच्या पोटात गेला? त्याला ते ठाऊक नसतं आणि ठाऊक व्हावं असं वाटतही नाही. मुंबईचा असेल, कलबुर्गीचा असेल, पुन्हा कधी दिसणारही नाही. या गावानं हे देणं रोज पाहिलं आहे. चर खोदणं ही मला तशीच पंगत वाटते. फरक एवढाच की इथं ताट जमिनीखालून जातं आणि बहुतेक वेळा आपल्याच गावात उतरतं.

आता त्या कंसात ठेवलेल्या गोष्टीकडे येतो, कारण ती टाळली तर हा सगळा आनंद अर्धवट ठरेल. दोनशे माणसांनी पंचेचाळीस सकाळी राबून थांबवलेलं ते साडेचार कोटी लिटर पाणी आठवा. पाटानं पाणी दिलेल्या उसाला हेक्टरी साधारण दोन ते अडीच कोटी लिटर लागतं. म्हणजे गावाचा सगळा घाम दोन हेक्टर, पाच एकर ऊस पिऊन टाकू शकतो. नियम नसेल तर ते होतंही. पातळी चढली हे दिसताच नवी बोअर पडते, पंपाची ताकद वाढते, आणि जो खडक लवकर भरला तो तितक्याच लवकर रिता होतो. जमीन नसलेला जो माणूस सकाळी माळावर आला होता, त्याच्या वाट्याला पुन्हा टँकरची रांग.

म्हणून पाणी अडवण्याइतकंच, किंबहुना त्याहून, मला मोल वाटतं ते पाणी वाटण्याच्या नियमाचं. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाण्याचा वाटा जमिनीवर नाही, घरातल्या माणसांवर. भूमिहीनालाही हक्क. ऊस लावायचा नाही. किती साधे नियम, आणि किती धाडसाचे! हिवरे बाजार या गावात १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. त्या गावानं शेतीसाठी बोअर बंद केल्या, आणि पाऊस किती पडला ते मोजून दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायची रीत पाडली. पाऊस कमी झाला असेल त्या साली कोणती पिकं घ्यायची नाहीत, हे गावच ठरवतं. अक्कलकोटच्या काळ्या रानाला हे काही परकं नाही. पावसाळा सरल्यावर नुसत्या ओलीवर उभी राहणारी मालदांडी ज्वारी आणि दुधनीच्या बाजारात येणारी तूर, ही कमी पाण्यात जगणारी पिकं इथली पिढीजात सोबती आहेत.

माथ्यावरचे चर मात्र कायमचे नसतात. दोन-चार पावसाळ्यांत ते गाळानं भरत येतात. तो गाळ म्हणजे माळावरून वाहून जाता जाता अडलेली माती. ती उचलून उताराकडच्या भरावावर टाकतात, त्यात गवत लावतात, गवताच्या मुळ्या भराव धरून ठेवतात. पुढच्या एप्रिलात पुन्हा माणसं वर चढतात. ओळ जिथं बुजली आहे तिथं नळी पसरतात. दोघं दोन टोकांना पट्ट्या धरून उभे. नळीतलं पाणी डोलतं, खाली-वर होतं. सगळे गप्प होऊन बघत राहतात. पाणी थांबतं, कुणीतरी आकडा ओरडून सांगतं, आणि मूठभर फक्की मुरमावर पडते.